हात न लावता उठायचं

विश्वनाथअप्पांच्या घरी गेलेला माणूस चहा न पिता परत आला असं कधी झालं नाही, आणि परीक्षा न देता परत आला असंही नाही. चहा संपला, आपण "येतो अप्पा" म्हटलं, की अप्पा हात आडवा करायचे. "थांबा सर. हात छातीवर घ्या. आता उठा. खुर्चीला हात लावायचा न्हाई." एकदा उठून भागत नसे. पाचदा उठ-बस केल्यावर सुटका. त्यातही गुडघ्यावर हात टेकला की एक कमी धरायचे.

लातूरच्या गोलाई बाजाराजवळ अप्पांचं कापडाचं दुकान होतं. दुकान जावयाकडे गेलं, पण टेप अप्पांच्या खिशात राहिली. गल्लीतल्या साठीपुढच्या प्रत्येकाची पोटरी त्यांनी मोजलेली. एका लग्नात नवरीचे आजोबा सोफ्यातून दोघांच्या आधारानं उठले, तर अप्पा अक्षता हातात धरून माझ्या कानात म्हणाले, "मांड्या गेल्या ह्यांच्या. आता पंगत कसली वाढायलेत, आधी चालवा म्हणावं."

याच्या जोडीला त्यांचे भाडेकरू होते. ज्येष्ठ नागरिकांच्या एका कार्यक्रमात कुण्या तरुण डॉक्टरांनी आतड्यातल्या जिवाणूंवर भाषण दिलं होतं. अप्पांनी त्याचं आपल्या भाषेत असं केलं : "पोटात भाडेकरू हायत, सर. मोजता येणार न्हाईत इतके. आपण चाललो, घाम गाळला, की चांगले भाडेकरू टिकतात अन् मांड्यांना रसद धाडतात. आपण लोळलो की चांगले घर सोडून जातात, टवाळ तेवढे राहतात." डॉक्टर शेवटी म्हणाले होते, यातलं बरंच अजून तपासणं चालू आहे. तो त्या पोराचा विनय आहे असं अप्पांचं मत होतं.

भाडेकरूंसाठी ते ज्वारीची भाकर, मोडाचे मूग, ताक असं बेतानं खायचे, आणि घरी लावलेलं दही वाटीवाटीनं गल्लीत वाटायचे. बिस्किट खाणाऱ्याकडे तर दुखवट्याला आल्यासारखं बघायचे.

मी शाळेत त्यांची नक्कल करायचो. छातीवर हात घेऊन स्टाफरूममधल्या खुर्चीतून उठायचो आणि म्हणायचो, "भाडेकरू उपाशी हायत, सर." सगळे पोट धरून हसायचे. आज ते आठवलं की बरं वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात माय गावी, लोह्याला, तापानं आजारी पडली. मी तिला लातूरला आणलं. आठवड्यात ताप गेला, अशक्तपणा मात्र गेला नाही. मग मी आणि माझ्या बायकोनं, सुनीतानं, तिला पलंगावरून हलूच दिलं नाही. पाणी हातात, पेज हातात. तिनं पाय खाली सोडले की मी ते उचलून परत वर ठेवायचो. "माय, पडून राहा. आम्ही आहोत ना." असा महिना गेला. पाहुणे कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं.

एका संध्याकाळी अप्पा दह्याची वाटी घेऊन आले. पांघरुणाबाहेर आलेल्या मायच्या पायाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आक्का, जरा उठून बसता का?"

माझं डोकंच फिरलं. "अप्पा, तुमचे खेळ गल्लीत ठेवा. तुमच्या घरात कुणी नाही, म्हणून दुसऱ्याच्या घरात येऊन हे चालवता का?"

सुनीतानं माझ्याकडे बघितलं. अप्पांनी वाटी खिडकीत ठेवली आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले. ओसरीतच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"सर, तुम्ही गल्लीत आलात तवा माझी बायको गौरा न्हवती. तिला काय झालं ते मी कुणाला सांगितलं न्हाई. न्हाणीत पाय घसरला. हाड मोडलं न्हवतं, नुसता मुका मार. डॉक्टर म्हणले आठ दिवस आराम. मी सात महिने दिला."



"तांब्या उचलू दिला न्हाई तिला. येणी मी घालायचो. मऊ भात मी भरवायचो. लोक म्हणायचे, नवरा असावा तर असा. अन् ती रोज म्हणायची, मला दारापर्यंत चालू द्या. मी म्हणायचो, कामून? मी हाय ना. मग एक दिवस उभी केली, तर पाय धरंनातच. लाकडावानी झालते. तिथून उठलीच न्हाई ती." अप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "नंतर त्या भाषणवाल्या डॉक्टरनं पडद्यावर चित्र दाखवलं. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाची मांडी. मी वळखली, सर."

त्याच दिवशी मी मायच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अहो, केव्हाच उठवायला हवं होतं. रोज थोडं थोडं, आणि पेज बंद करून वरण, दूध, अंडं द्या.

अप्पा सकाळ-संध्याकाळ येऊ लागले. पहिले तीन दिवस नुसतं पलंगाच्या कडेला बसणं. मग खुर्चीवर दोन उशा ठेवून त्यावरून उठणं. माय त्यांना शिव्या घालायची. "ह्या बाबाला घरी काम न्हाई का काही?" अप्पा म्हणायचे, "न्हाई आक्का. आता फकस्त एक उशी." आठवडाभर काहीच जमलं नाही. एकदा ती अर्ध्यातून धपकन खाली बसली आणि रडली. अप्पाही त्या दिवशी ताक न पिता गेले.

दीड महिन्यानं एका सकाळी माय कुणाचा हात न धरता पलंगापासून फाटकापर्यंत चालत गेली. सुनीता तोंडाला पदर लावून उभी होती. माय फाटकाशी उभी राहून समोरच्या भाजीवालीला विचारत होती, मेथी कशी दिली.

मला वाटलं, अप्पा आता सगळी गल्ली गोळा करतील. ते पायरीवर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो. त्या संध्याकाळच्या बोलण्याबद्दल माफी मागायची होती, पण ती राहूनच गेली. म्हटलं, "अप्पा, तुमच्यामुळं झालं हे."

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते मायकडे एकटक बघत होते. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले,

"म्हंजे दारापर्यंत जमत होतं."