गालात पाणी

गड्यांनो, सांगून ठिवतो, त्या दिवशी सबंध मुरुम गावात माझ्याइतकं देखणं पोरगं न्हवतं! निदान पावणं येईस्तवर तरी!

बहात्तरचा दुष्काळ. म्या सरकारी खडी फोडायच्या कामावर, मजुरांना सुकडीचा खाऊ मापून वाटायला. अन् माझे गाल असे आत गेलेले, की माझी आई, अव्वा, म्हणायची, "सिद्रामा, तुझ्या गालात वाटीभर ज्वारी मावंल रं!" त्यात अयोध्याचा बाप, हणमंतप्पा, मला बघायला येणार! अयोध्याला म्या जत्रंत बघितली होती. तवापास्नं जेवान ग्वाड लागंना. पर ह्या खप्पड तोंडाला पोरगी देणार कोण?

माझ्या मामाचा पोरगा शांतलिंग सोलापुरात कंपौंडर. त्यो म्हणला, "येड्या, मोठ्या शहरात नटांचे गाल सुईनं भरत्यात. तुझे म्या भरतो!"

"दुखंल का?"

"मुंगी चावल्यावानी."

"किती टिकंल?"

"पावणं जाईस्तवर टिकलं म्हंजी झालं की!"

"कुणी वळखंल का?"

"तुझी अव्वाबी वळखायची न्हाय!"

"पर भरणार काय?"

"सलाईनचं पाणी. निर्धोक!"

टोचलं बघा! मुंगी कसली, इंगळी डसली! पर आरशात बघतो तर काय, तोंडावर दोन टम्म पुऱ्या! शांत्यानं दम भरला, "हसायचं न्हाय. चोळायचं न्हाय. उन्हात फिरायचं न्हाय. पालथं निजायचं न्हाय." म्या मान डोलावली, तर मान थांबली तरी गाल हलत्यातच!

हणमंतप्पा आले. गुळाचा चहा झाला. मला खालनं वर बघितलं, अन् नजर गालावर येऊन अडकली.

"पावणं, सुकडी तुमीच वाटता न्हवं?"

"व्हय!" म्या छाती काढून.

"मापानं?"

"एकदम मापानं!"

"मग समदा तालुका वाळून काटकी झालाय, अन् तुमचेच गाल कसं वो भरलं?"

आयशप्पत! सुकडीचोर ठरलो की! खडीवरल्या बाया नवरदेव बघायला दारात जमल्या होत्या. त्यातनं पुतळाबाई वरडली, "तरीच म्हणलं, माझी सुकडी कमी का भरती!"

झालं! काम जाणार, अब्रू जाणार, अन् अयोध्या तर गेलीच!

"आप्पा, हे गाल माझे न्हायत!"

"मग कुणाचे?"

"पाणी हाय त्यात! सुईनं भरलंय!"

आप्पांनी गालावर बोट दाबलं. काढलं, तर खड्डा तसाच! बाया किंचाळल्या. अव्वानं तर डोळेच झाकलं!

"पाणी आसंल तर उतरंल," म्हणत आप्पांनी बाजंवर मांडी ठोकली. "बसतो म्या."

टँकरची वाट बघावी तशी समदी गल्ली माझ्या गालाकडं बघत बसली! उजवा आधी उतरला, डावा हट्टाला पेटला. मधी तर पाणी हनुवटीपाशी आलं अन् एक पोर म्हणलं, "सिद्रामादादा बेडूक झाला!" दिवस कलताना दोन्ही खळगे जागच्या जागी! पुतळाबाईनं खळग्यात बोट घालून खात्री केली अन् सांगितलं, "पोरगं इमानदार हाय!"

म्या आप्पांचं पाय धरलं. "मग ठरलं म्हणायचं?"

"इमान पटलं," आप्पा म्हणाले. "पर गावात प्यायला घोट न्हाय, अन् तुमी पाणी गालात भरता? असल्या अकलंला पोरगी देऊ?" मग हळूच इकडं तिकडं बघत इचारलं, "ती सुई टोचली कुणी? ना डाग, ना वळ. लगीन झालंय का त्याचं?"

कोपऱ्यात शांत्या लाजला! मुडदा चक्क लाजला!

अयोध्याचं लगीन दुष्काळातलं, जेवान मोजकं. "मापानं वाढणारा ह्योच," म्हणून आप्पांनी वाढप माझ्याच गळ्यात घातलं. पातेलं घिऊन पंगतीत गेलो, तर बाशिंग सारून शांत्या माझ्या कानात म्हणतो, "सिद्रामा, आता हसलास तरी चालतंय!"