मास्तरांनी कोट घालून बघितला

माणसाच्या अंगावरची शिवण बघितली की माणूस कळतो, असं मास्तर चाळीस वर्षं सांगत आले होते. शिंपी तर ते होतेच, पण स्वतःला ते त्याहून बरंच काही समजत. लग्न ठरवायला निघालेले लोक मुलाला आधी आपल्याकडे मापाला पाठवतात, असंही ते सांगत. पाठवलेला मुलगा मात्र कुणी पाहिला नव्हता! त्यामुळे त्यांच्याच प्रोस्टेटमध्ये कॅन्सर निघाला आणि उपचार निवडायची पाळी आली, तेव्हा मास्तर म्हणाले, "त्यात काय एवढं! डॉक्टरांच्या शिवणी बघतो आणि ठरवतो."

म्हणाले, म्हणजे शिलाई मशीनला म्हणाले. घरात त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. घरात होती कोण, तर बायको. दुकानात ती काजं करायची, बटणं लावायची, धागे तोडायची. मास्तरांना साधी शिंक आली तरी तिच्या हातातली सुई थांबायची.

आजार अगदी सुरुवातीचा होता. सर्जनसाहेबांनी तीन वाटा सांगितल्या होत्या. ग्रंथी काढून टाकायची, नाहीतर किरणं द्यायची, नाहीतर सध्या काहीच न करता नुसतं लक्ष ठेवायचं. म्हणजे दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि अधूनमधून तुकडा काढून बघायचा. "तुमच्या बाबतीत तिन्ही चालण्यासारख्या आहेत," साहेब म्हणाले होते. "घाई नाही. घरी बोला, मग सांगा." पहिल्या दोन वाटांवर लघवीचा ताबा जाण्याची शक्यता होती, आणि नवराबायकोतल्या काही गोष्टी पूर्वीसारख्या न राहण्याचीही. ते ऐकून मास्तरांचे कान लाल झाले. तिसरी वाट तशी सोपी, पण घरात चोर आहे हे ठाऊक असून झोपायचं कसं?

महिनाभर त्यांना काही सुचेना. एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय त्यांनी डावेच कापले! बायकोनं विचारलं, "अहो, काय होतंय तुम्हाला?" तर म्हणाले, "चष्मा बदलायला झालाय."

शेवटी एके दिवशी "अस्तर आणायला जातो" असं सांगून ते दवाखान्यात पोचले. गळ्यात मापाची टेप तशीच होती. सर्जनसाहेब समोर आले आणि मास्तरांची नजर थेट शिवणीवर गेली. साहेबांच्या पांढऱ्या कोटाचं वरचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं! ज्याला आपलं बटण सांभाळता येत नाही, तो माझं काय सांभाळणार?

"साहेब," मास्तर म्हणाले, "बाकीचं मागाहून बोलू. आधी कोट काढा!"

साहेबांना हसू आलं. त्यांना वॉर्डात बोलावणं आलंच होतं. कोट मास्तरांच्या हातात देऊन ते गेले. मास्तरांनी कॉलरच्या आत टोचलेली सुई काढली आणि खिडकीजवळच्या बाकावर बसून बटण लावलं. मग त्यांनी तेच केलं, जे कुठलंही काम संपल्यावर ते करत. कोट आपल्या अंगावर घालून बघितला. बटण जरासं खाली आलं होतं. काढून पुन्हा कशाला बसायचं, म्हणून त्यांनी अंगावरच आणखी चार टाके घातले.

तेवढ्यात कानाशी कुणीतरी म्हणालं, "डॉक्टर!"

मास्तर दचकले, सुई खोल गेली. समोर हातात जाडजूड फाइल घेतलेले एक गृहस्थ उभे होते. गळ्यातली टेप त्यांना लांबून स्टेथोस्कोपसारखी दिसली असावी.

"अहो, मी डॉक्टर नाही!"

"मोठी माणसं अशीच बोलतात," गृहस्थ बाकावर टेकत म्हणाले. "प्रोस्टेट आहे माझं. काढू की ठेवू?"

मास्तर घाईघाईनं कोट उतरवायला गेले, तर शर्टही बरोबर यायला लागला. दचकण्याच्या भरात चाळीस वर्षं शिवणाऱ्या कारागिरानं कोटाचं बटण स्वतःच्या शर्टाला पक्कं शिवून टाकलं होतं! आणि कात्री राहिली होती दुकानात.

"घरी काय म्हणतात?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं.

"घरी सांगितलंय कुठे! बायको घाबरेल."

"मग घाबरू दे की!" मास्तर एकदम कडाडले. "एकट्यानं घाबरण्यापेक्षा दोघांनी घाबरलेलं बरं! आधी घरी जा, तिला सांगा, मग दोघं मिळून खऱ्या डॉक्टरकडे या!"

गृहस्थांचे डोळे भरून आले. "इतकं स्पष्ट मला कुणीच सांगितलं नव्हतं," ते म्हणाले आणि मास्तरांचा हात दाबून निघून गेले. मास्तर मात्र जागच्या जागी गार पडले. हे आपण कुणाला सांगितलं?

पण विचार करायला सवड कुठली? जाता जाता गृहस्थांनी आणखी दोघांना पाठवून दिलं. दारावरचा शिपाई आजच कामावर आलेला. कोट दिसला, माणसं दिसली, त्यानं रांग लावली! "एकेक, एकेक! डॉक्टरसाहेबांना त्रास देऊ नका!" मास्तर प्रत्येकाला सांगत होते, मी शिंपी आहे. प्रत्येक जण म्हणत होता, वा, काय विनोदी डॉक्टर आहेत!

रांगेत चौथी होती ती मास्तरांची बायको.

ती शांतपणे समोर बसली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला हा आजार आहे. मला सांगितलेलं नाही. धुवायच्या शर्टात दवाखान्याची चिठ्ठी मिळाली, आज यायचं म्हणून लिहिलेली. चाळीस वर्षं मी खिसे बघून कपडे भिजवते, तेवढंही त्यांच्या ध्यानात नाही. काय करू मी?"

"त्यांना... माफ करा."

"ते बघू. त्यांना भीती कशाची वाटते?"

मास्तर टेपेचं टोक गुंडाळायला लागले. "मरायची थोडी वाटते. कपडे ओले होतील, ते तुम्हाला धुवावे लागतील, याची जास्त. आणि मग ते... नवरा म्हणून..."

"डॉक्टर, माझे गुडघे गेले, चार दाढा गेल्या, तेव्हा त्यांनी मला बदलून दुसरी आणली नाही. मग मी काय त्यांना दुकानात परत करणार आहे? अस्तर आणायला म्हणून इकडे एकटेच येतात!" आणि तिला हुंदका फुटला. "अहो, असं करतात का हो?"

मास्तरांना रडू आलं. डोळे पुसायला हात उचलला, तर कोटाबरोबर शर्टही वर आला. बायकोनं ते पाहिलं, बटण चाचपलं, आणि सगळ्या रांगेसमोर त्यांच्या छातीशी वाकून धागा दातानं तोडला. तो तोडताना ती तिथं जरा जास्तच थांबली.

"ओ काका, रांगेत या!" शिपाई ओरडला. नुसत्या शर्टातले सर्जनसाहेब परत आले होते.

मग आत बसल्यावर प्रश्न बायकोनं विचारले. "नुसतं लक्ष ठेवलं आणि आजार वाढतोय असं दिसलं, तर बाकीच्या दोन वाटा तेव्हा मिळतील?"

"बहुतेकांना मिळतात. फक्त तपासण्या चुकवायच्या नाहीत."

"म्हणजे कच्चे टाके घालून ट्रायल घेत राहायची!" मास्तरांचा चेहरा महिन्यानं उजळला. "मग आत्ताच कापायची घाई कशाला?"

"चालेल," बायको म्हणाली. "पण लक्ष मी ठेवणार. तुमचं लक्ष कसं असतं ते दिसलंय, दोन डावे पाय!"

मास्तरांनी सुस्कारा टाकला. "बरं साहेब, मग यातून मी मोकळा कधी? एक पक्की तारीख सांगून टाका."

"तीन महिन्यांनी या. मग बघू."

"मग बघू?" मास्तर भडकले. "हे काय उत्तर झालं? माणसानं खेटे तरी किती घालायचे!"

बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली, ती थांबेचना. त्यांच्या दुकानात चाळीस वर्षं रोज कुणी ना कुणी गिऱ्हाईक हेच ओरडून गेलं होतं.