माझ्या बायकोच्या नावाचं बोगस मत

सरपंचाच्या निवडणुकीत पोलिंग एजंट व्हायचं मी ठरवलं ते निव्वळ कचोरीसाठी. (लोकशाही वगैरे मला नंतर आठवली.) एजंटांना दुपारी गरम कचोरी बूथवर पोचती होते, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. त्यात हुकमाराम स्वतः आमच्या अंगणात येऊन खाटेवर बसला आणि म्हणाला, "छोगाभाई, बूथवर बसायला मला तुमच्यासारखाच माणूस हवा. अख्ख्या गावात तुमच्याइतका संशयी कोणी नाही."

इतकं कौतुक माझं आजवर कोणी केलं नव्हतं. मी जिऱ्याच्या व्यापाऱ्याकडे कारकून आहे. शेतकऱ्याने देवाची शपथ घेतली तरी मी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून खडे शोधतो. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळसुद्धा मी सोनाराकडून तपासून घेतलं होतं. (ते खरं निघालं. सासरे अजून बोलत नाहीत.)

यंदा सरपंचाची जागा बाईसाठी राखीव होती. म्हणजे उभी होती हुकमारामची बायको गवरी देवी. पण पोस्टरवर मोठा फोटो हुकमारामचा, आणि गवरी देवी कोपऱ्यात, घुंगटासकट. तिच्यासमोर उभी होती पेमारामची बायको सुवटी देवी. तिच्या पोस्टरवर तर फोटो नुसता पेमारामचाच होता. निशाण्या केटली आणि पंखा. दोन्ही नवरे एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, आणि दोन्ही उमेदवार रोज सकाळी एकाच नळावर पाणी भरत हसत उभ्या असायच्या. मला त्याचाही संशय आला होता.

कौतुकाने माणूस पाघळतो. मी हुकमारामला बोलून गेलो, "आमच्या घरची चारही मतं केटलीला. आई, बापूजी, मी आणि धापू."

आत स्वयंपाकघरात काहीतरी आपटलं. हुकमाराम शहाणा, तो लगेच उठला. तो फाटकाबाहेर गेला आणि धापू बाहेर आली. धापू म्हणजे माझी बायको.

"माझं मत तुम्ही कुणाला विचारून वाटलंत?"

"अगं, घराची मतं एकत्रच जातात. सगळ्या गावात तसंच असतं."

"मग घरालाच पाठवा मत द्यायला. मी चालले माहेरी."

मला वाटलं, नेहमीसारखं म्हणतेय. पण मी जेवून हात धुवेपर्यंत ती मुलाला घेऊन बसस्टँडवर पोचलीसुद्धा. म्हटलं जाऊ दे, राग उतरला की येईल. पण हुकमारामला चार मतांचा शब्द दिलेला, आणि त्यातलं एक बस पकडून गेलेलं! मतदानाच्या आदल्या दिवशी मी तिची पेटी उघडली, तर तिचं मतदार कार्ड गायब.

इथे माझं डोकं चालू लागलं. बाई रागावून माहेरी जाताना काय नेते? मुलगा नेते, दागिने नेते, नवऱ्याच्या सात पिढ्यांच्या तक्रारी नेते. मतदार कार्ड कशाला नेईल? म्हणजे कार्ड चोरीला गेलं. म्हणजे पेमारामच्या माणसांना कळलंय की धापू गावात नाही. म्हणजे उद्या कोणीतरी परकी बाई धापू बनून येणार आणि पंख्याचं बटण दाबणार! रात्री मी हुकमारामला हे सांगितलं तेव्हा त्याने माझी पाठ थोपटली. "छोगाभाई, धरा तिला. भर बूथवर धरा."

बूथ आमच्या शाळेच्या खोलीत होता. केंद्राध्यक्ष माथुर साहेब, अजमेरचे प्राध्यापक, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेले. पेमारामच्या बाजूने एजंट होता त्याचा भाचा भींयाराम, सुपारी चघळत बसणारा. मी सकाळीच मशीन खालून-वरून पाहिलं, शाईच्या बाटलीचा वास घेतला आणि माथुर साहेबांचं ओळखपत्र मागितलं.

"मी केंद्राध्यक्ष आहे," ते म्हणाले.

"तसं कोणीही म्हणेल, साहेब. तुम्हीसुद्धा नुसत्या कागदावर जाऊ नका. कागद खोटा असू शकतो. माणूस बघा, माणूस."

माथुर साहेबांनी मला नियम समजावून सांगितला. मतदाराचं नाव मोठ्याने वाचलं जाईल. एखादा तोतया वाटला तर एजंटाने दोन रुपये भरून आक्षेप घ्यायचा, मग ते चौकशी करणार. आक्षेप खोटा निघाला तर दोन रुपये सरकारजमा. मी खिशात दोन-दोनची नाणीच घेऊन बसलो होतो. दुपारपर्यंत त्यातली तीन सरकारजमा झाली होती. (एक माझ्या सख्ख्या चुलत्यापायी. त्याने मिशी काढली होती, आणि मिशी काढलेल्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही.)

कचोरी आली. मी पहिला घास घेतला आणि तेवढ्यात पहिल्या टेबलावरच्या अधिकाऱ्याने नाव वाचलं, "धापू देवी, पती छोगालाल!"

घास घशात अडकला. समोर एक बाई उभी होती. हिरवीगार नवी ओढणी, कमरेपर्यंत घुंगट, आणि डाव्या पायाने जरा लंगडत होती. मी दोन रुपयांचं नाणं टेबलावर असं आपटलं की भींयारामची सुपारी गिळली गेली.

"आक्षेप! ही माझी बायको नाही!"

बाहेरच्या दोन्ही रांगा दारात गोळा झाल्या. पुरुषांच्या रांगेत सगळ्यांत पुढे माझे बापूजी होते. माथुर साहेबांनी चष्मा लावला आणि बाईंना विचारलं, "बाई, नवऱ्याचं नाव सांगा."

बाई गप्प.

"बघा!" मी म्हणालो. "नवऱ्याचं नावच माहीत नाही!"

"अरे मेल्या," बायकांच्या रांगेतून गेंदी काकी ओरडली, "सासरा दारात उभा असताना कोणती सून तोंड उघडेल? आणि नवऱ्याचं नाव घेईल?"

खरं तर लग्नाला सोळा वर्षं झाली, धापूने माझं नाव एकदाही घेतलेलं नाही. बाहेरच्यांपुढे 'मुन्न्याचे बापू' आणि रागात 'ते'. हे मला त्या क्षणी आठवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण माणूस संशयाच्या भरात असला की त्याला स्वतःचं घर आठवत नाही.

माथुर साहेब माझ्याकडे वळले. "ही तुमची पत्नी नाही, हे कशावरून?"

"अनेक गोष्टींवरून, साहेब! एक तर माझी बायको लंगडत नाही. दुसरं, ही ओढणी मी कधी विकत घेतलेली नाही."

"तुम्ही कुठलीच कधी घेतलेली नाही," बाहेरून कोणीतरी म्हणालं. मी लक्ष दिलं नाही.

"आणि मुख्य म्हणजे, ही बाई इथे एवढा वेळ उभी आहे आणि एक शब्द बोललेली नाही. माझ्या बायकोला हे जमणार नाही! तिचा आवाज चार गल्ल्यांत जातो. ती माहेरी गेल्यापासून आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा निवांत झोपतात. मी स्वतः काल पंख्याखाली पाय पसरून दोन वेळा चहा प्यालो. साहेब, इतकी शांतता मी लग्नाआधी पाहिली होती."

रांगेत हशा पिकला. मला चेव चढला. घुंगट थरथरायला लागला. घाबरली, असं मी समजलो.

"शिवाय," मी म्हणालो, "माझी बायको अंगाने... म्हणजे भरीव आहे. हिच्या दीडपट तरी."

घुंगट आता जास्तच थरथरत होता.

माथुर साहेबांनी इंदू मॅडमना बोलावलं. घुंगटातल्या बायकांची ओळख पटवायला त्यांना नेमलं होतं. मॅडम बाईंना घेऊन फळ्याच्या मागे गेल्या. "तोवर रांग थांबवू नका," साहेब टेबलावरच्या अधिकाऱ्याला म्हणाले, आणि आम्ही सगळे फळ्याभोवती जमलो. बापूजीसुद्धा रांगेतला नंबर सोडून दारातून तिकडेच बघत राहिले. मागून कुजबुज ऐकू येत होती. मग इंदू मॅडमचं हसू. मग पुन्हा कुजबुज. एवढ्यात टेबलावरून कोणीतरी पुकारलं, "छोगालाल, पिता वेलाराम आहेत का?"

"आहेत, आहेत! होऊ द्या!" मी न वळताच ओरडलो. चौकशीच्या ऐन रंगात मध्येच कोणी हाक मारलेली मला चालत नाही.

इंदू मॅडम बाहेर आल्या. चेहरा सरळ ठेवायचा त्या फार प्रयत्न करत होत्या. "सर, बाई म्हणतात, आक्षेप घेणाऱ्याचं बनियन उजव्या बगलेत फाटलेलं आहे आणि ते पिवळ्या दोऱ्याने शिवलंय."

"काहीतरीच," मी म्हणालो.

"हात वर करा," माथुर साहेब म्हणाले.

केंद्राध्यक्षाचा हुकूम. मी हात वर केला. भींयारामने पुढे येऊन माझा कुडता बाजूला केला आणि सगळ्या गावाने तो पिवळा दोरा पाहिला.

"बाई असंही म्हणतात," मॅडम पुढे म्हणाल्या, "की हे झोपेत जिऱ्याचे भाव बोलतात. आणि पिवळा दोरा मुद्दाम वापरला होता, कारण त्या दिवशी भांडण झालं होतं. ओढणी भावाने दिलेली आहे. आणि लंगडतात कारण नवी मोजडी चावते."

ती धापूच होती. पहाटे उठून, मुलाला आजीकडे ठेवून, दोन बस बदलून, चावणारी मोजडी घालून ती मत द्यायला आली होती. मतदार कार्ड तिने माहेरी जातानाच कमरेला खोचलेलं. खरं सांगतो, सगळ्या गावासमोर माझी शोभा झाली होती तरी त्या क्षणी मला आनंद झाला. घर फार शांत झालं होतं, ते मला मुळीच आवडलं नव्हतं. मी फक्त चहा दोनदा प्यालो होतो.

"धापू," मी हळूच म्हणालो, "आलीस होय?"

घुंगटातून उत्तर आलं नाही. बापूजी अजून दारात होते. पण माझ्याजवळून जाताना मोजडीची टाच माझ्या अंगठ्यावर अशी पडली की निरोप पोचला.

शाई लागली, ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. एक बटण दाबायला कितीसा वेळ लागतो? पण ती आत चांगली रमली. केटली की पंखा? मी खुर्चीतून थोडा उठून मान उंचावली.

"छोगालालजी," माथुर साहेब म्हणाले, "खाली बसा, नाहीतर पोलिसाला बोलावतो. मत गुप्त असतं."

"साहेब, बायकोचं आहे."

"तिचंच आहे," ते म्हणाले.

मशीन पीं करून वाजलं. ती बाहेर पडली. बापूजी मत देऊन घरी गेले, आणि जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कचोरी गार झाली होती ती भींयारामने खाल्ली. मी पुढचा सगळा वेळ एकही आक्षेप न घेता मान खाली घालून काढला. एवढं होऊन घरची चारही मतं तरी पडतील, हीच आशा उरली होती. त्यातलं धापूचं कुठे गेलं, हे देवालाच ठाऊक.

मतदान संपायला आलं तसा मी उठलो, बोट पुढे केलं आणि टेबलापाशी उभा राहिलो. "छोगालाल, पिता वेलाराम."

अधिकाऱ्याने यादी पाहिली. "झालं तुमचं."

"काय झालं?"

"मत. दुपारीच पडलंय."

मी माथुर साहेबांकडे धावलो. "साहेब! तोतया! माझ्या नावावर कोणीतरी मत देऊन गेला! दिवसाढवळ्या, माझ्यासमोर!"

"नाव मोठ्याने वाचलं होतं," अधिकारी म्हणाला. "मी विचारलंसुद्धा, आहेत का म्हणून. फळ्यापाशी तुम्हीच ओरडलात, आहेत, आहेत, होऊ द्या."

"अहो, पण यादीत फोटो आहे ना माझा!"

त्याने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्या माणसाशी जास्त जुळत होता."

मी भींयारामकडे संशयाने बघितलं. तो छताकडे बघत होता. माथुर साहेबांनी शांतपणे सांगितलं की अशा वेळी वेगळी मतपत्रिका देता येते, ती पाकिटात बंद करून ठेवतात. "पण आधी तुम्हीच छोगालाल आहात हे सिद्ध करा."

"हा माझा एजंटचा पास!"

"कागद खोटा असू शकतो," माथुर साहेब म्हणाले. "माणूस बघावा लागेल."

"भींया, तू सांग ना यांना!"

"मी कसा सांगू?" भींयाराम म्हणाला. "सकाळपासून तुम्हीच म्हणताय, कुणावर विश्वास ठेवू नका."

शेवटी इंदू मॅडम बाहेर गेल्या. धापू निंबाखाली गेंदी काकीशेजारी बसली होती. घरी जाताना मला काय काय ऐकवायचं याची तयारी चालली असावी. ती आत आली. बापूजी केव्हाच गेले होते, त्यामुळे आवाजही परत आला होता.

"बाई," माथुर साहेब म्हणाले, "नीट बघून सांगा. या माणसाला ओळखता?"

धापूने घुंगट बोटभर वर उचलला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघत राहिली. ती नाही म्हणाली असती तर माझ्याकडे सांगायला काहीही नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "पास-बिस राहू द्या. सकाळपासून हे सगळ्या गावाच्या मतांवर डोळे वटारून बसलेत, आणि यांचं स्वतःचं मत यांच्या नाकाखालून कोणी घेऊन गेला, त्याला वर 'होऊ द्या' म्हणाले. असा माणूस गावात एकच आहे. हे माझेच."

माथुर साहेबांनी ताबडतोब लिहिलं, 'ओळख पटली.' भींयारामनेसुद्धा आक्षेप घेतला नाही.