उजवीकडे वळलेला उजेड

सुकदेवसरांना भांग पाडायला फार वेळ लागे. आरशातला सुकदेव डावखुरा आहे, या विचारातच ते हरवून जात. जळगावच्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात नारिंगी स्फटिक सांभाळत. दोन भाकरींमध्ये ठेचा दाबावा तसा त्या रेणूत दोन कड्यांमध्ये लोखंडाचा अणू होता, आणि कडेला फॉस्फरसचे दोन हात. त्या हातांनी ऱ्होडियम धातू धरावा आणि त्या जोडीनं घडवलेले रेणू सगळे एकाच हाताचे निघावेत, सगळे उजवे नाहीतर सगळे डावे, एवढंच सरांचं स्वप्न. निघत मात्र निम्मे निम्मे. डावे-उजवे एकमेकांना खोडत, म्हणून त्यांच्यातून जाणारा उजेड कुठल्या बाजूला वळतो ते दाखवणारा पोलारिमीटर कायम शून्यावर बसलेला.

पुण्याच्या गाईडांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "या खेपेला शून्य आलं तर विषय सोडा. पीएचडीसुद्धा."

प्रयोगशाळेतला ओव्हन बंद पडला होता, म्हणून धुतलेली तपकिरी बाटली सरांनी घरच्या खिडकीत उन्हाला ठेवली. शेजारच्या धुरपदाअक्कांची नजर तिच्यावर गेली.

"वच्छला, ती बाटली दे वं. पूजाले तापीनं पानी आननं शे."

सरांच्या बायकोनं दिली. संध्याकाळी बाटली पुसून, वाळवून परत आली. तळाशी चिमूटभर साखर. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. वच्छलाबाईंनी आत न डोकावता बाटली सरांच्या पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सरांनी नव्या प्रयोगातली पांढरी पूड तिच्यात भरली, तीत पाणी घालून हलवली आणि ते पाणी पोलारिमीटरमध्ये ठेवून डोळा लावला. अर्धं वर्तुळ काळोखं, अर्धं सोनेरी. केळीच्या बागेत ऊन शिरावं तसं. त्यांनी चकती फिरवली. उजवीकडे. आणखी उजवीकडे.

"वळला," ते इतक्या हळू म्हणाले, की विभागप्रमुख रतिलालसर त्यांना सावरायलाच धावले. मग रतिलालसरांनीही पाहिलं, पेढे मागवले, नोटीस बोर्डावर बातमी लिहिली आणि पुण्याला ट्रंककॉल लावला. "उद्याच येतो," गाईड म्हणाले.

सर तरंगतच घरी पोचले. "अक्कांनाही पेढा दे."

"देते की. बिचारीनं तुमच्या बाटलीत आठवणीनं साखर घातली होती."

"कुठल्या बाटलीत?"

"त्याच हो, तपकिरी. दिसली नाही?"

सरांनी पेढ्यांचा पुडा मिटून ठेवला. साखर उजेड उजवीकडे वळवते, हे ते दरवर्षी पोरांना शिकवत.

अक्का दारातच होत्या. "रिकामी बाटली कशी देऊ, भाऊ? अपशकुन व्हस!"

"अक्का, माझी पीएचडी विरघळली."

"साखरमा? मंग गोडच जयी ना!"

सकाळी गाईड आले. सरांनी पाण्याचा पेलाही पुढे न करता आधी साखरेची हकीकत सांगून टाकली. गाईडांचा चेहरा उतरला. रतिलालसरांनी पेढ्यांचा खोका टेबलाखाली सरकवला.

"चंबूत थोडी पूड चिकटलेली आहे," सर म्हणाले. "एकदा बघू. मग सोडतो."

खरवडलेली पूड त्यांनी स्वच्छ काचेत विरघळवली आणि डोळा लावला. चकती फिरवली. शून्य मागे पडलं. पण उजवीकडे काहीच नव्हतं. सावली हळूहळू डावीकडे, आणखी डावीकडे सरकत गेली, जणू कुणी तिला हाताला धरून नेत होतं. साखरेनं काल हेच झाकून टाकलं होतं.

गाईडांनी सरांना अलगद बाजूला केलं. स्वतः पाहिलं. कितीतरी वेळ पाहतच राहिले.

"पण मी तर नोटीस बोर्डावर उजवं लिहिलंय!" रतिलालसर कुजबुजले.

"मग पुसा," डोळा न काढता गाईड म्हणाले. "डावं लिहा. चांगलं ठळक."