रोट्यानं रूप बदललं!

"मॅडम, मागच्या साली ढाळ लागून बरं झालेल्या माणसाला यंदा परत का लागतात? व्हायरस काय नापास होतो का?"

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. हा प्रश्न विचारायची पैज शेजारच्या बाकावरच्या संस्कृतीनं लावली होती, आणि दिशा काय पैजेला मागं सरणारी! वक्तृत्वात पहिली आल्यापासून तर तिला माईक नसला तरी चालायचं, समोर माणूस असला की बास!

शाळेत आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरमॅडम मात्र खूश झाल्या. "नापास कसला, तो कॉपी करून पास होतो! पोटात शिरला की घाईघाईनं स्वतःच्या कॉप्या काढत सुटतो. घाईत चुका होतात. बऱ्याचशा वाया जातात, पण एखादी अशी फळते की तो नवा वेष घालून येतो आणि आपलं अंग त्याला ओळखतच नाही. रोटा नावाचा व्हायरस ऐकलाय? लहान बाळांना फार छळतो. म्हणून तर बाळांना थेंब पाजतात."

झालं! संध्याकाळी दिशा कळंबच्या डेअरीवर दूध घालायला गेली. तिनं किटली खाली ठेवली आणि भाषण उचललं. समोर बयाबाई, कडेवर नातू.

"मावशी, बाळाला जपा! रोटा लई बेकार! रूप बदलून येतो, ओळखूच येत न्हाई!"

"आगं बया! काय करतो त्यो?"

"जुलाब!"

गावाला नवं ज्ञान देऊन दिशा ताठ मानेनं घरी आली. विसरली एवढंच, की मळ्यात सगळ्यांना ठाऊक असलेला रोटा एकच. तिच्या पप्पांचा रोटाव्हेटर! ट्रॅक्टरमागं लावून लोकांची रानं भुसभुशीत करून द्यायचा. कांदालागणीचे दिवस तोंडावर, म्हणून पप्पांनी, म्हणजे दादाभाऊंनी, त्याला नुकताच निळा रंग मारला होता.

"म्हंजी रूप बदललंच की!" बयाबाई सोपानला म्हणाल्या.

"दादाभाऊच्या रोट्याला कायतरी लागलंय," सोपान हौशीरामला म्हणाला.

"भीमाशंकरच्या जंगलात फिरवला व्हता म्हणं!" हौशीरामनं पुढच्याला सांगितलं.

सकाळी दादाभाऊंचा फोन वाजायला लागला तो थांबेचना.

"भाऊ, आमचं रान ऱ्हाऊ द्या. तुमचा रोटा फिरलेल्या रानातला कांदा खाल्ला की टमरेल खाली ठिवायची सोय न्हाई म्हणं! पोराबाळांचं घर हाय, राव!"

कामं पटापट रद्द! दादाभाऊ मटकन ओट्यावर बसले. ऐन हंगामात रोटा दारात उभा राहिला, तर वर्षभर घर चालायचं कशावर?

"कुठल्या मेल्यानं ही आवई उठवली?" आई कडाडली.

"सापडू दे, मीच बघते त्याच्याकडं!" दिशा भाकरीचा तुकडा नाचवत गरजली.

"आन् म्हणं बाळांना लई छळतो. रूप बदलून येतो..." दादाभाऊ म्हणाले.

दिशाच्या हातातला तुकडा नाचायचा थांबला. बातमी तिचीच होती! घाईघाईत तिच्या कॉप्या निघाल्या होत्या, त्यात जी चूक सगळ्यात चटकदार तीच टिकली होती, आणि आता ती नव्या वेषात अशी दारात आली होती की जन्म देणारीनंच ओळखली नाही!

ती तडक डेअरीवर पळाली. "ऐका! पप्पांचा रोटा येगळा, रोटा व्हायरस येगळा! त्यो डोळ्याला दिसत न्हाई. बाळांना थेंब पाजा, साबणानं हात धुवा! बास!"

एवढ्याशा वाक्यात कोण काय चुकणार? संध्याकाळी फोन पुन्हा सुरू झाले. कामं परत आली!

"दादाभाऊ, उद्या आमच्याच रानात या. फक्त रोटा साबणानं धुऊन आणा. आन् त्ये थेंब पाजलेत ना त्याला?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच दादाभाऊ अंगणात रोट्याचं एकेक पातं साबणानं घासत बसले होते. फेस घोट्यापर्यंत! नवा निळा रंग ओघळून चालला होता. आई दुधाची किटली दिशापुढं धरून उभी होती.

दिशानं खाकरून घसा साफ केला.

"पप्पा, आई, मी ठरवलंय! अकरावीला सायन्सच घेणार, आणि पुढं व्हायरसचा अभ्यास करणार. पार मोठी शास्त्रज्ञ होणार!"

दादाभाऊंनी फेसाळलेला हात कपाळावर मारला. दिशानं किटलीकडं बघितलं आणि आवाज जरा खाली आणला.

"आणि तोवर... डेअरीवर दूध घालायला तुम्हीच जा."