रामटेकेभाऊंची इंग्रजी थप्पी

आमच्या डेपोत सागवानाचे सात हजार नग होते आणि त्यातल्या निम्म्यांना इंग्रजी येत होतं. खोटं वाटत असेल तर त्या काळी आलापल्लीच्या बाजूला यायला हवं होतं तुम्ही. लाकडाच्या थप्पीजवळून जावं, तर कापलेल्या तोंडावर खडूनं लिहिलेलं दिसायचं: एकावर ‘रेन’, शेजारच्यावर ‘पेन’, त्याच्या डोक्यावर ‘ब्रेन’. नवीन माणसाला वाटे, सरकारनं झाडांची शाळा काढली.

हा उद्योग आमचे डेपो-चौकीदार शिवराम रामटेके यांचा. वय पन्नाशीला टेकलेलं, मिशा खराट्यासारख्या, आवाज असा की डेपोच्या या टोकाला खाकरले तर त्या टोकाचे बैल चालायला लागत. शिक्षण सातवी. इंग्रजी अक्षरं मात्र ओळखीची, कारण लाकडावर शिक्का मारायच्या हातोड्यावर तीच असतात. अक्षरं येत होती, भाषा येत नव्हती. घरात वीट आहे पण भिंत नाही, असा प्रकार.

मी तिथला कारकून. वर्ध्याकडून बदलून आलेला, बी.ए., आणि माझ्या ट्रंकेत एक शब्दकोश. ही शेवटची गोष्ट मी पहिल्याच दिवशी बोलून बसलो आणि माझं आयुष्य संपलं.

“बाबू,” दुसऱ्या दिवशी भाऊ खिडकीत उभे. “ ‘पेन’ले जोडीदार द्या.”

“लिहायचा पेन?”

“नाई जी. दुखते तो पेन. वेदना.”

“काऊन पाहिजे?” मीही त्यांच्यासारखं बोलायला शिकत होतो.

“पोरीले पाठवाचं आहे.”

पोरगी म्हणजे सुजाता. तिची आई ती चौथीत असतानाच गेली. भाऊंनी एकट्यानं वाढवली, दहावी केली आणि नागपूरला नर्सिंगच्या शाळेत घातली. तिथं शिकवणं सगळं इंग्रजीत. पोरगी मराठी शाळेतली. दोन महिन्यांत तिचं पत्र आलं. भाऊंनी ते मला वाचायला दिलं: “बाबा, बाई काय बोलतेत काईच समजत नाई. मी वर्गात लाकडावानी बसतो. मार्चात परीक्षा आहे. नापास झालो तर काढून टाकतेत. त्यापेक्षा मी येऊन जातो.”

ती येऊन गेली असती तर पुढचं ठरलेलं होतं. गोंडपिपरीला मामा बसलेला होता, मामाच्या हातात एक स्थळ होतं, आणि स्थळाच्या हातात पिठाची गिरणी.

“तर बाबू,” भाऊ म्हणाले, “मार्चाच्या आत पोरीले इंग्रजी आलं पायजे. मी शिकवतो.”

“तुम्हाला येतं?”

“नाई. पण थप्पी लावता येते.”

आता हे थप्पीचं शास्त्र समजून घ्या. जंगलातून लाकूड येतं ते गाडीभर सरमिसळ. डेपोत त्याची गोलाई मोजतात आणि एका गोलाईचे नग एका थप्पीत लावतात. भाऊंनी तीस वर्षं हेच केलं होतं. त्यांचं म्हणणं, भाषा पण जंगलातून तशीच सरमिसळ येते; कोणी थप्पी लावत नाही म्हणून पोरं नापास होतात. “शब्दाची गोलाई कानानं मोजाची. अन अर्थ साल काढून पाह्याचा. साल न काढता लाकूड पास करणारा माणूस म्हणजे चोर.”

या ‘साल काढा’नं माझा जीव खाल्ला. मी शब्दकोशातून यमक शोधून द्यायचो आणि भाऊ अर्थ मागायचे. नुसता सांगितलेला अर्थ चालायचा नाही, दिसला पाहिजे. ‘पेंट’ झालं, ‘सेंट’ झालं, मग ‘फेंट’ आलं. म्हणालो, चक्कर येऊन पडणे. “पडून दाखवा.” पडलो. थप्पीवरचे तीन मजूर कांदा घेऊन धावले, चौथ्यानं माझ्या नाकाला चप्पल लावली. ती कोणाची होती हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. पण तिच्या वासानं मेलेला माणूस उठला असता, मी तर जिवंत होतो.

‘स्नीझ’ला कष्ट पडले नाहीत, आरा मशीनचा भुसा नाकात गेला आणि मी अर्थासकट अकरा वेळा शिंकलो. ‘नीझ’ म्हणजे गुडघे, तेही झालं. तिसरा शब्द मी मोठ्या डौलात दिला: “चीझ.”

“साल काढा.”

“दुधाचा एक पदार्थ. साहेब लोक खातात.”

“तुमी खाल्लं?”

“नाही.”

“पाह्यलं?”

“चित्रात.”

“मंग राहू द्या. आपण न पाह्यलेलं लाकूड मी थप्पीत लावत नाई. पोरगी विचारन, बाबा कसं लागते, तर काय सांगू?”

एकदा मोहफुलांच्या दिवसांत डेपोत अस्वल शिरलं. सगळे पळाले. भाऊ थप्पीवर चढले आणि वरून माझ्याकडे ओरडले, “बाबू, ‘बेअर’ले जोडीदार!” मी आंब्याच्या झाडावर होतो. “हेअर! चेअर!” “अजून!” “डेअर!” हा शेवटचा भाऊंनी त्यांच्या त्या आवाजात अस्वलाच्या तोंडावर मारला. अस्वलानं मान वाकडी केली, दोन मिनिटं विचार केला आणि अर्थ पटल्यासारखं निघून गेलं. त्या आठवड्याच्या पत्रात सुजाताला चार शब्द गेले, ताजे, सालीसकट.

दर शनिवारी निळं आंतरदेशीय पत्र जायचं. त्यात एक थप्पी: चार शब्द, चार अर्थ, आणि प्रत्येक शब्द कुठं सापडला त्याची हकिगत. शब्द मिळवायला भाऊ काहीही करत. औषधाच्या बाटल्या वाचत, रॉकेलच्या डब्यावरचं वाचत, ट्रान्झिस्टरवर क्रिकेट लागलं की कान लावून बसत. धावा किती झाल्या याच्याशी देणंघेणं नाही. ‘बॉल’ आला की ‘वॉल’, ‘फॉल’ करत उठायचे. आणि फसवे शब्द भेटले की खवळायचे. ‘रफ’, ‘कॉफ’, ‘दो’ या तीन शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरं आणि आवाज तीन तऱ्हेचे, हे मी दाखवलं तेव्हा ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जणू इंग्रजी मीच काढली. नवव्या दिवशी येऊन म्हणाले, “बाबू, ते शब्द पोकळ आहेत. वरून सागवान, ठोकून पाह्यलं तर ढप ढप. पोरीले लिहून देल्लं, अशापासून सांभाळून राहाचं.”

आणि लाकडावर लिहायचं कारण असं की पत्र टाकायच्या आधी शब्द स्वतःला पाठ हवेत. राखणीच्या फेऱ्या दिवसाला आठ. फेरीत नग मोजता मोजता शब्द म्हणायचे. “मास्तर कच्चा अन पोरगी पक्की, असं कुठी होते का जी?”

यातूनच तो प्रसिद्ध लिलाव घडला.

लिलावाआधी ठेकेदार लोक थप्प्या बघत फिरतात. वरवर गोलाई बघतात, पण डोळा असतो खुणांवर. कोणी आधी येऊन चांगल्या नगावर आपली बारीक खूण करून गेला का, हे शोधण्यात त्यांची अर्धी हयात जाते. आता आमच्या डेपोच्या कोपऱ्यात बेहड्याच्या झाडाच्या सावलीत एक थप्पी होती. वाकडी, गाठाळ, वैद्यानंही हात टेकावेत अशी. सावली बरी म्हणून भाऊ तिथं बसत, आणि त्या आठवड्याचे शब्द त्यांनी त्याच नगांवर लिहिले होते: ‘हील, मील, फील, पील’. एका ठेकेदारानं ते पाहिलं. तो दुसऱ्याच्या कानाला लागला. दुसरा तिसऱ्याच्या. दुपारपर्यंत डेपोभर झालं की खुद्द जंगलखात्याच्या माणसानं या थप्पीवर गुप्त खूण केली आहे, आणि ‘हील’ म्हणजे आतून पक्कं.

लिलाव सुरू झाला. उत्तम सरळसोट सागवान पडून राहिलं आणि त्या कुबड्या थप्पीवर असा गदारोळ उठला की दोन ठेकेदारांचे फेटे सुटले आणि तिसऱ्यानं चौथ्याचा बांधून घेतला. त्या लाकडाला जन्मात एवढा मान मिळाला नव्हता. जंगलात असताना वानरंसुद्धा त्यावर बसत नसत.

पुढं ते आरा मशीनवर चढलं आणि करवतीचे दात गेले. ठेकेदार बोंबलत डेपोच्या मोठ्या साहेबांकडे. साहेबांनी भाऊंना उभं केलं. फेब्रुवारीचा महिना, परीक्षा तोंडावर. मी बाजूला फाइल तोंडासमोर धरून उभा होतो, कारण शब्दकोश माझा.

“रामटेके, हे ‘हील’ काय आहे?”

“जखम भरून येणे, साहेब.”

“अर्थ नाही विचारला मी!”

“तुमी नाई विचारला साहेब, पण मी सांगतल्याशिवाय पुढं जात नाई.”

साहेब लाल झाले. आता माणूस निलंबित होणार म्हणून मी डोळे मिटले. भाऊंनी खिशातून सुजाताचं ते पहिलं पत्र काढलं, घड्यांवर फाटायला आलेलं, आणि टेबलावर ठेवलं. साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग मला लेखी आदेश काढायला सांगितला: यापुढे डेपोतील नगांवर खडूनं काहीही लिहू नये. सही केली, कागद भाऊंच्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “त्यात ‘सील’ राहिलं तुमचं. आणि ‘डील’.”

“साल काढा, साहेब,” भाऊ म्हणाले. आणि साहेबांनी काढली हो! दहा मिनिटं.

मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिन्यात एका दुपारी लाल गाडी थांबली आणि तिच्यातून सुजाता उतरली. उतरल्या उतरल्या ओरडली, “बाबा, पास!”

भाऊ तडक तिच्या पेटीकडे धावले आणि ती उघडून बसले, जणू पास त्या पेटीत ठेवला होता. पेटीच्या झाकणाला आतून त्यांची सगळी आंतरदेशीय पत्रं चिकटवलेली होती. सुजाता म्हणाली, “खोलीत आम्ही सहाजणी जी. एक सिरोंचाची, एक मूलची. सगळ्याच लाकडावानी बसत. शनिवारची थप्पी बुधवारी आली की सहाही जणी पाठ करत. बाबा, अस्वलाचं पत्र तर आमच्या सिस्टरनं मागून नेलं वाचाले.”

“सहाही पास?” भाऊंनी विचारलं.

“पाच. सहावी पुरवणी परीक्षेले बसून राह्यली.”

“तिचं नाव लिहून दे. तिले वेगळी पाठवतो.”

सुजाता आठ दिवस राहिली. जायच्या आदल्या दिवशी ती कचेरीत आली आणि माझ्या टेबलाशी घुटमळली.

“बाबूजी, मी बाबाले एक शब्द देऊन जाणार आहे. ‘मंथ’. महिना.”

मी शब्दकोश पुढं ओढला. “त्याला जोडीदार...”

“नाई आहे. मालूम आहे मले. सिस्टरनं सांगतलं, सगळ्या इंग्रजीत नाई. पण तुमी बाबाले सांगू नका. अजून दोन वर्षं मी तिथी. मंग नोकरी कुठी लागन काय माहीत. मी पास झालो, आता ते शनिवारी काय करतीन? कामात राहू द्या त्यायले.”

मी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी गाडी सुटताना ती खिडकीतून ओरडली, “बाबा, मंथ! जोडीदार शोधून ठेवा!”

“ठेवतो!” भाऊंनी अशी आरोळी दिली की गाडी दोन हात पुढं गेली.

धुरळा बसला. आम्ही दोघं डेपोकडे परत निघालो. वाटेत मी म्हणालो, आणि आता वाटतं उगाच म्हणालो, “भाऊ, नापास झाली असती तर इथंच असती.”

“मालूम आहे. दर शनिवारी पत्र टाकताना मालूम होतं.” मग थांबून त्यांनी थप्प्यांकडे हात केला. “पण बाबू, डेपोत लाकूड ठेवासाठी थोडंच आणते कोणी? जास्त दिवस राह्यलं तर वाळवी लागते. ते कोणाच्या तरी घराले लागलं पायजे.”

चार पावलं गेल्यावर म्हणाले, “अन ते ‘मंथ’.”

“हो, बघू या आपण कोशात,” मी सांभाळून बोललो.

“काय पाहाता? नाई आहे त्याले जोडीदार. तुमचा कोश तुमी जेवाले गेल्यावर मी तीनदा पालथा घातला, सहा महिन्यांपूर्वीच, तो शब्द क्यालेंडरवर दिसला तेव्हा. पण पोरीले सांगू नका. तिले वाटू द्या बाबा शोधून राह्यला. दर शनिवारी लिहीन, या आठवड्यात नाई सापडला. म्हणजे ती विचारत राहीन.”

सरकारी नोकरीत मी पुष्कळ गुपितं सांभाळली, पण एकाच शब्दाचं गुपित दोन्हीकडून सांभाळायची वेळ तेवढीच आली. कोश मी त्याच दिवशी ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. वर्ध्याला बदली मिळावी म्हणून लिहिलेला अर्ज होता, तोही त्याच ट्रंकेत राहिला.

पावसाळ्याआधी मी सहज त्या कोपऱ्यात गेलो. बेहड्याच्या सावलीत नवी थप्पी लागली होती. लेखी आदेशाला न जुमानता एका नगाच्या तोंडावर बारीक अक्षरांत ‘मंथ’ लिहिलेलं होतं. शेजारच्या नगाचं तोंड ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून कोरं ठेवलं होतं.