दाढेची गळती

आत्माराम पेडणेकरांच्या दाढेतलं फिलिंग दुसऱ्यांदा पडलं ते उपमा खाताना. चकलीत पडलं असतं तर त्यांना एवढं लागलं नसतं. उपम्यात पडणं म्हणजे सरळसरळ कामातला दोष. त्यांनी तो तुकडा धुतला, कागदात गुंडाळला, वर तारीख घातली आणि हाटकेशला राहणाऱ्या मुलीला फोन लावला.

"समिधा, पडलं."

"कोण पडलं? बाबा, तुम्ही ठीक आहात ना?"

"मी ठीक आहे. फिलिंग पडलं. पाच आठवड्यांत दोनदा. आमच्या साइटवर असं झालं असतं, तर मी त्या कॉन्ट्रॅक्टरला परत गेटच्या आत घेतलं नसतं."

आत्मारामांनी तेहतीस वर्षं इमारतींच्या वॉटरप्रूफिंगवर देखरेख केली होती. गच्ची कुठे गळते, भिंत कुठून पाझरते, हे त्यांना नुसत्या डागावरून कळायचं. निवृत्तीनंतर हे सगळं ज्ञान ते जेवताना बायकोला, उर्मिलाबाईंना, सांगत. दोन वर्षांपूर्वी उर्मिलाबाई गेल्या. तेव्हापासून शांती नगरच्या त्या दोन खोल्यांत सांगण्यासारखं पुष्कळ साठलं होतं आणि ऐकायला भिंती होत्या. त्या भिंतींना ओल नव्हती, हाही विषय संपला होता.

दाढ खालची, डावीकडची. उजवीकडच्या दाढा केव्हाच काढलेल्या, त्यामुळे भाकरीपासून सुपारीपर्यंत सगळा भार या एकटीवर. डॉक्टर क्षितिजा यांचा दवाखाना त्याच इमारतीत, तळमजल्याच्या गाळ्यात होता. त्यांनी फोनवरच स्पष्ट सांगितलं, "काका, भिंत पातळ झालीय. तिसऱ्यांदा पडलं तर दाढ काढावीच लागेल."

ही बातमी लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी जयकुमारभाई शाह यांना कळली.

"आत्मारामभाई, चांदी डालो, चांदी!" असं म्हणून जयकुमारभाईंनी तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत तोंड उघडं ठेवलं. "देखा? छब्बीस साल! बिल्डिंग का प्लास्टर गिरा, मेरा चांदी नहीं गिरा."

आत्मारामांनी रात्रभर विचार केला नाही; त्यांनी तक्ता केला. तीन माल, तीन रकाने. रविवारी सकाळी समिधाला बरोबर घेऊन, तक्ता आणि पडलेल्या तुकड्याची पुडी हातात धरून ते खुर्चीत बसले.

"चांदी का नको?"

"मी आता चांदी भरत नाही, काका. आणि ती चिकटत नाही, अडकवावी लागते. त्यासाठी दाढ अजून कोरायची. कोरायला उरलीय काय?"

"मग पहिल्यांदा भरलंत ते सिमेंट?"

"ते थोड्या ओलीतही धरतं, पण चावायच्या जागी झिजतं. तुमच्या दाढेवर सगळ्या तोंडाचा भार. नाही टिकलं."

"आणि हे पुडीतलं?"

"हे दाताच्या रंगाचं. तुमच्यासाठी हेच बरोबर. फक्त भरताना जागा एकदम कोरडी हवी. थुंकी लागली की संपलं."

आत्माराम खुर्चीत ताठ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत न दिसलेलं तेज आलं.

"अहो, मग आधी नाही का बोलायचं! ओल्या जागेवर कुठलाच माल धरत नाही, डॉक्टर. लोक उगाच मालाला शिव्या देतात. मी पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो, डबा उघडू नका, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा!"

डॉक्टर क्षितिजांनी समिधाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "शोधलंय, काका."

"कुठून येतंय?"

"मागच्या वेळी मी मसाला लावत असताना तुम्ही तीनदा बोललात. एकदा गच्चीच्या उताराबद्दल. एकदा पाण्याच्या टाकीबद्दल. आणि तिसऱ्यांदा, मी छान काम करतेय हे सांगायला."

समिधाने हसू दाबण्यासाठी पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. आत्मारामांनी तक्त्याची घडी घातली आणि खिशात ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच गळतीचं कारण ते स्वतः निघाले होते.

"आज मी रबराचा पडदा लावणार," डॉक्टर म्हणाल्या. "दाढ तेवढी बाहेर, बाकी तोंड पडद्याच्या मागे. पण तुम्ही जबडा हलवलात तर तो सुटेल. चाळीस मिनिटं एक शब्द नाही."

"चाळीस?"

"बाबा, मी आहे ना इथे," समिधा म्हणाली.

पडदा बसला. डॉक्टरांनी जागा साफ केली, वाऱ्याने सुकवली, चिकटवायचं द्रव्य लावलं. आत्माराम डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत होते. काम नियमाने चाललं होतं, आणि तसं सांगायची त्यांना फार इच्छा होत होती.

नेमका तेव्हा दवाखान्याचा पडदा बाजूला सारून जयकुमारभाई आत आले. हातात कागद, कानावर पेन.

"अरे, आत्मारामभाई! अच्छा हुआ मिल गये. वो टेरेसवाला कल सुबह से कोटिंग चालू करता है. टाकी ओव्हरफ्लो होता है तो स्लॅब थोडा गीला है, लेकिन वो बोलता है चलेगा. किसी का ऑब्जेक्शन है तो अभी बोलने का. नहीं बोला, मतलब हां."

आत्मारामांचे डोळे विस्फारले. गळ्यातून पाण्याचा पंप सुरू होताना येतो तसा आवाज आला. उजव्या पायातली चप्पल उडून भिंतीला लागली.

"काका, नाही!" डॉक्टर क्षितिजा ओरडल्या. "आत्ता हललात तर दाढ गेली!"

जयकुमारभाईंनी पेन काढलं. "कुछ बोला नहीं. मतलब हां."

"अंकल, थांबा. हमारा ऑब्जेक्शन है," समिधा उभी राहिली.

"तुम्हारा?"

"स्लॅब पूरा सूखे बिना कोटिंग नहीं लगेगा. पहले टाकी का बॉल व्हॉल्व बदलो. फिर सब क्रॅक खोलके भरो. कोने में गोलाई बनाओ, पानी वहीं से घुसता है. पहला हाथ खडा, दूसरा आडा, बीच में एक दिन का गॅप. बाद में दो दिन पानी भरके टेस्ट."

जयकुमारभाईंचं पेन हवेतच राहिलं. "बेटा, तुम सिव्हिल इंजिनियर है क्या?"

"नहीं अंकल, मैं बँक में हूं."

आत्माराम हलले नाहीत. डॉक्टरांनी पहिला थर दिला, निळा दिवा धरला. दुसरा थर, पुन्हा दिवा. तिसरा. आत्माराम मुलीकडे बघत होते. झोपलेले असल्यामुळे ती त्यांना उलटी दिसत होती. जयकुमारभाई कागदाच्या पाठीवर तिने सांगितलेला एकेक मुद्दा लिहून घेत होते, आणि 'गोलाई' कशी करायची ते दोनदा विचारत होते.

पडदा निघाला. चावा तपासायचा निळा कागद चावून झाला, उंची घासून झाली. डॉक्टरांनी आकडीने सगळ्या कडा तपासल्या आणि मास्क खाली ओढला. "कुठे फट नाही. काका, इतकं नीट काम या वर्षात माझ्या हातून झालं नव्हतं. बोला आता, काय बोलायचं ते."

जयकुमारभाई सावधपणे एक पाऊल मागे सरकले.

आत्माराम समिधाला म्हणाले, "तुला हे सगळं कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. मी इथे राहायचे तेव्हा. जेवताना. रोज."

"तेव्हा तर तुम्ही दोघी टीव्ही बघायचात."

"तुम्ही बोलायला लागलात की आई आवाज बंद करायची, बाबा. चित्र तेवढं चालू ठेवायची. नाहीतर तुम्ही संकोचाने थांबला असतात."

आत्मारामांना खूप काही बोलायची मोकळीक होती. पण त्यांनी खाली वाकून चप्पल शोधली, घातली, आणि डॉक्टरांना हात जोडले.

"आज जरा जपून खा, काका," डॉक्टर म्हणाल्या.

पण तपासल्याशिवाय काम ताब्यात घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गेटबाहेरच्या गाडीवरून त्यांनी खारे चणे घेतले, त्यातला सगळ्यात कडक निवडला आणि डावीकडे ठेवला. वॉचमन थांबला. जयकुमारभाई मागोमाग आले होते, तेही श्वास रोखून उभे राहिले. कट्ट असा आवाज झाला. मग दुसरा चणा. मग मूठभर.

"पकडा क्या, आत्मारामभाई?"

आत्मारामांचं तोंड भरलेलं होतं.

"एकदम पकडा, अंकल," समिधा म्हणाली.